ब्लेडवरचं कुंकू

आई माझ्याबद्दल म्हणायची, ही म्हणजे तापत ठेवलेलं दूध आहे. उतू जायला वेळ लागत नाही आणि मग दिवसभर ओटा पुसत बसते. लहानपणी मला याचं हसू यायचं. आता पन्नाशी उलटल्यावर येत नाही, कारण एकदा मी अशी उतू गेले की तो ओटा मला अजून नीट पुसता आलेला नाही.

गेली पंचवीस-सव्वीस वर्षं मी बंगळूरमधल्या एका संशोधन संस्थेत मेंब्रेन बनवते. लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, म्हणजे नक्की काय करतेस? मी सांगते, हायड्रोजन आणि हवा यांची गाठ पडली की पाणी तयार होतं आणि ऊर्जा सुटते. गाठ सरळ पडू दिली तर भडका उडतो. पण दोघांच्या मधे एक पातळ पडदा धरला, जो हायड्रोजनचा धनभार असलेला कण तेवढा पलीकडे सोडतो आणि बाकी सगळ्यांना अडवतो, तर त्याच गाठीतून गुपचूप वीज मिळते. त्या सगळ्या यंत्राला फ्युएल सेल म्हणतात आणि मधला पडदा म्हणजे मेंब्रेन. इतकं ऐकून एखादी मावशी म्हणते, "म्हणजे प्लॅस्टिकच ना गं?" हो मावशी, प्लॅस्टिकच. पण त्याला टाचणीच्या टोकाहून बारीक भोक पडलं तरी सेल मेला म्हणून समजायचं. असा पडदा बाहेरच्या देशांतून मागवावा लागू नये, इथेच व्हावा, यासाठी माझी निम्मी हयात गेली आहे.

पडदे ओतायचं काम अण्णांचं. अण्णा आमचे तंत्रज्ञ, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे. आनेकलहून रोज बसनं यायचे. त्यांच्या घराण्याला कर्नाटकात येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही सांगता येत नसे, पण घरात मराठी टिकलेली. ती मराठी माझ्या कानाला जुनी वाटायची आणि तिच्यात कन्नड असं मिसळलेलं की वेगळं काढता येऊ नये. शाळा मात्र पूर्ण कन्नडमधून झालेली. सगळ्यांसमोर ते मला मॅडम म्हणत. दोघंच असलो, मराठीत बोलत असलो, की अक्का.

पडदा ओतताना त्यांना बघणं हा माझा दिवसातला सगळ्यात शांत वेळ असे. पॉलिमरची पावडर द्रावकात विरघळवून काकवीसारखं दाट द्रावण करायचं. त्यातला शेवटचा बुडबुडा निघून जाईपर्यंत वाट बघायची. मी दारातून विचारायचे, झालं का? ते मान वर न करता म्हणायचे, "स्वल्प थांबा अक्का. घाई केली की त्याला कळतंय." मग काचेच्या तावदानावर द्रावण ओतायचं आणि ब्लेड ओढायचं. ब्लेड म्हणजे सरळ धारेचं, हाताच्या वितीएवढं स्टीलचं अवजार. काच आणि धार यांच्या मधे केसाएवढी फट असते आणि त्या फटीतून द्रावणाचा सारखा थर मागे राहतो. अण्णा ब्लेड ओढताना श्वास रोखून धरायचे. काच भट्टीत जायची, वाळायची, मग पाण्यात बुडवली की थोड्या वेळानं कडेपासून पडदा सुटायला लागायचा आणि पाण्यात तरंगायचा. पुढे तो सौम्य आम्लात उकळायचा आणि पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायचा. आम्ही लोक पदव्या घेऊन बसलो होतो, पण आमच्यापैकी कुणाच्याही हातून तसा सारखा पडदा निघत नसे.

प्रत्येक पडद्याची नोंद अण्णा एका जाड वहीत करायचे. तारीख, द्रावण, फट, भट्टीचं तापमान, हे सगळं आकड्यांत आणि इंग्रजीत. शेवटचा रकाना शेऱ्यांचा. तो ते कन्नड लिपीत भरायचे. मला कन्नड बोलता येतं, भाजी घेता येते, रिक्षावाल्याशी भांडता येतं. वाचता येत नाही. इतक्या वर्षांत शिकले नाही. आकडे माझ्या कामाचे होते, ते मी घेत होते आणि शेवटचा रकाना सोडून देत होते.

आमच्याकडे दरवर्षी खंडेनवमीला आयुधपूजा होते. इथे सगळीकडेच होते, कारखान्यात, बसडेपोत, बँकेच्या संगणकांना सुद्धा हळदकुंकू लागतं. प्रयोगशाळेतही त्या दिवशी पंप, भट्ट्या, वजनकाटे पुसून लख्ख करतात, झेंडूच्या माळा घालतात आणि दारात कोहळा फोडतात. परदेशातून परतलेले आमचे काही सहकारी थोडं हसतात, पण चुरमुऱ्यांचा प्रसाद घ्यायला सगळ्यात आधी तेच येतात. मला हा दिवस आवडायचा. माझे वडील सांगलीच्या बाजूला एका लहानशा कारखान्यात लेथ चालवायचे. खंडेनवमीला ते आपली हत्यारं घरी आणून पाटावर मांडायचे, आणि कुंकू लावायचा मान माझा असायचा. पान्याला एक बोट, मापाच्या पट्टीला एक बोट, कातणीच्या हत्याराला एक बोट.

अण्णांच्या शेवटच्या वर्षातली पूजा. पुढच्या जूनअखेर ते निवृत्त होणार होते, त्यामुळे थाट जरा जास्त होता. मी ओतकामाच्या खोलीत गेले तेव्हा टेबलावर स्वच्छ कापड घालून सगळं मांडलेलं होतं. अण्णांनी कुंकवाची वाटी माझ्यापुढे धरली. "अक्का, ह्या वर्षी तुम्ही लावा." मला वडिलांची आठवण झाली आणि मी समोर येईल त्याला कुंकू लावत गेले. भट्टीला, पंपाला, पेटीत उघड्या ठेवलेल्या ब्लेडला. अण्णा वाटी धरून माझ्या मागे मागे येत राहिले.

मग तो उन्हाळा आला. बंगळूरनं तसा उन्हाळा फार दिवसांत पाहिला नव्हता. बोअरवेल आटल्या, सोसायट्यांमधून टँकरसाठी भांडणं लागली, लोक ऑफिसात आंघोळीला जायला लागले. संस्थेतही पाण्यावर बंधनं आली. आमचं सगळं काम चालतं ते डीआय पाण्यावर, म्हणजे ज्यातले सगळे क्षार काढून टाकलेले असतात अशा पाण्यावर. ते तयार करणाऱ्या यंत्राला भरपूर पाणी पाजावं तेव्हा त्यातलं थोडं हाती लागतं. यंत्र दिवसातून तासभरच चालवायचं असं ठरलं. आणि आमच्यापुढे तर मोठी तपासणी होती. पडदे सेलमधे सलग कित्येक आठवडे टिकतात हे समितीला दाखवायचं होतं, नाहीतर हा प्रकल्प गुंडाळला जाणार होता. थांबायला वेळ नव्हता. तेव्हा मीच सांगितलं की आम्लातून काढल्यावरच्या पहिल्या दोन धुण्या पिण्याच्या कॅनच्या पाण्यानं करा, आणि शेवटची तेवढी डीआयनं.

अण्णांनी एकदा विचारलं होतं. "अक्का, कॅनचं पाणी सरी आहे का?"

"पिण्याचं पाणी आहे अण्णा. आणि शेवटी डीआय आहेच की."

"सरी," ते म्हणाले. म्हणजे ठीक आहे.

त्यानंतर आमचे पडदे मरायला लागले. सेल सुरू केला की पहिले काही दिवस उत्तम चालायचा, मग विजेचा दाब हळूहळू उतरायचा आणि एके दिवशी धाडकन खाली यायचा. उघडून बघावं तर पडदा कुरतडल्यासारखा पातळ झालेला आणि बारीक भोकं पडलेली. एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. समितीची तारीख जवळ येत होती आणि मला झोप लागत नव्हती. मेलेल्या पडद्याचा एक तुकडा मी तपासायला पाठवला. त्यात लोखंड निघालं.

लोखंड हा आमचा जुना वैरी. सेल चालताना आत कणभर पेरॉक्साइड तयार होतं, आणि त्याला लोखंड मिळालं की ते पडदा खाऊ लागतं. प्रश्न एवढाच होता की लोखंड आलं कुठून. मी तिरीमिरीत ओतकामाच्या खोलीत गेले, एकेक वस्तू बघायला लागले आणि ब्लेडची पेटी उघडली. पेटीतल्या मऊ कापडाच्या कोपऱ्यात लाल ठिपका होता. कुंकू.

शितावरून भाताची परीक्षा करतात, मी ठिपक्यावरून माणसाची केली. बाजारातल्या स्वस्त कुंकवात काय काय घालतात कोण जाणे, लोखंडाचा गेरू सहज असेल, असा विचार मनात आला आणि तो विचार येताक्षणी मला तो सिद्ध झाल्यासारखाच वाटला. ते कुंकू कुणी लावलं होतं हे त्या वेळी मला आठवलं नाही, असं मी आजवर सांगत आले आहे. बहुतेक ते खरं आहे. पण कुठेतरी आत मला माहीत होतं आणि मी तिकडे बघितलं नाही, असंही असू शकेल. स्वतःच्या बाबतीत इतका तपास मला अजून जमलेला नाही.

सोमवारच्या बैठकीत सगळे होते. विद्यार्थी, सहकारी, अण्णा मागच्या खुर्चीत. मी पेटी टेबलावर आपटली आणि इंग्रजीत बोलले. अण्णांना इंग्रजी समजत नाही असं नव्हतं. मी म्हणाले, ही प्रयोगशाळा आहे, देऊळ नाही. सहा महिन्यांची मेहनत चिमूटभर कुंकवानं पाण्यात गेली. इथून पुढे ओतकामाच्या खोलीत पूजा होणार नाही, नवं ब्लेड येईल आणि ते दुसरं कुणीतरी हाताळेल. एवढं सगळं मी अण्णांकडे न बघता बोलले. कुणाचं नाव घेतलं नाही, आणि नाव घेण्याची गरजही उरली नाही.

अण्णा उठले. "सरी, मॅडम," एवढंच म्हणाले.

नवं ब्लेड आलं. ओतकाम मी पुण्याहून आलेल्या एका संशोधक मुलीकडे दिलं. हुशार, चटपटीत पोरगी, एचएसआर लेआउटमधे दोन मैत्रिणींबरोबर राहायची. अण्णांना भांडाराच्या टेबलाशी बसवलं. उरलेले दोन महिने ते बाटल्यांवर लेबलं चिकटवत होते. मी समोरून गेले की उभे राहायचे आणि मॅडम म्हणायचे, दोघंच असलो तरी. मी त्यांच्याशी मराठीत बोलले तर उत्तर कन्नडमधे यायचं. मला वाटलं, रुसलेत, होतील नीट.

निरोपसमारंभ रीतसर झाला. चंदनाचा हार, शाल, फळांची टोपली. त्यांच्या हाताला तोड नव्हती, असं मी भाषणात म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांना दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा ते माईकपाशी आले आणि कन्नडमधे म्हणाले, "माझ्याकडून काही चूक झाली असेल तर माफी असावी." अशा समारंभात सगळेच असं म्हणतात. मी टाळ्या वाजवल्या आणि फोटोसाठी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

नव्या ब्लेडनं ओतलेले पडदेही मेले. तेव्हा तरी मी थांबून विचार करायला हवा होता. पण मी पोरीच्या हाताला दोष दिला, मग पावडरच्या नव्या पिंपाला. समितीपुढे जेमतेम मुदत वाढवून मिळाली. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मला शाळेपासून पाठ आहे. फाशी देणाऱ्याला ती त्या वेळी आठवत नाही, एवढंच तिच्याबद्दल मला आता सांगता येईल.

पाऊस चांगला झाला, पाण्याचं यंत्र पुन्हा दिवसभर चालायला लागलं, आणि आमचे पडदे काही न करता टिकायला लागले. सगळे खूश झाले. मीसुद्धा. का टिकायला लागले हे विचारलं ते फक्त त्या पोरीनं. दसरा होऊन गेला होता. माझ्या हुकमाप्रमाणे ओतकामाच्या खोलीला त्या वर्षी माळ नव्हती. एका दुपारी ती अण्णांची जाड वही घेऊन माझ्या खोलीत आली.

"मॅम, एक मिनिट. मला ना अ‍ॅक्चुअली यात एक पॅटर्न दिसतोय. जे पडदे फेल झाले, त्या सगळ्यांसमोर रिमार्कमधे हा सेम शब्द आहे. माझ्या वेळी पण आपण कॅननंच रिन्स करत होतो. हे बघा, क्या-न. कॅन."

"तुला कन्नड वाचता येतं?"

"येतं की थोडं. बसचे बोर्ड वाचायला म्हणून शिकले. अर्थ फारसा कळत नाही, पण अक्षरं लागतात." तिला येऊन दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं.

मी तिच्या बोटाखालचा शब्द बघितला. तो शब्द मार्चपासून पानापानावर होता. कॅनचं पाणी. आमच्या पडद्यांना आम्ही मुद्दाम आम्लाचे गट जोडतो, आणि त्या गटांना धातूचे आयन फार प्रिय. एकदा चिकटले की शुद्ध पाण्याच्या एका धुणीनं सुटत नाहीत. हे मी दरवर्षी नव्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवते. आटलेल्या जमिनीच्या तळातून उपसलेलं, गंजक्या टँकरमधून आलेलं, नावापुरतं गाळलेलं पाणी मी पडद्यांना दोन दोन वेळा पाजलं होतं. त्याच दिवशी आम्ही तळाशी थोडं पाणी राहिलेला एक जुना कॅन शोधून काढला आणि तपासला. त्यात लोखंड निघालं, पडद्यातल्यासारखंच भरपूर.

मी पोरीला म्हणाले, मागे जा, आयुधपूजेच्या सुमाराचं पान काढ. मला फक्त खात्री करायची होती की त्या वेळी कॅन हा शब्द नाही. तिनं पान काढलं. कॅन नव्हता. पण शेरा नेहमीपेक्षा लांब होता. ती बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत वाचायला लागली, शाळेतल्या पहिलीच्या मुलीसारखी, आणि दोन शब्दांनंतर थांबून म्हणाली, "मॅम, हे कन्नड नाहीये. हे मराठी आहे."

कन्नड लिपीत मराठी. इथली जुनी घरं अशीच लिहितात, पत्रं, वाणसामानाच्या याद्या, सगळं. मला हे ऐकून माहीत होतं. माझ्या हाताखालच्या वहीत इतकी वर्षं माझीच भाषा लिहिलेली आहे, हे मात्र माहीत नव्हतं. अण्णांना लिहायला ती एकच लिपी येत होती, आणि ही पोरगी येईपर्यंत मराठी समजणारी दुसरी व्यक्ती त्या प्रयोगशाळेत मी एकटीच होते. म्हणजे ते शेरे कुणासाठी होते हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

तिनं ते वाचून दाखवलं. "अक्कांनी ब्लेडला कुंकू लावले. डीआय पाण्याने तीन वेळा धुतले. पुसून पेटीत ठेवले. अक्कांना सांगितले नाही."

मी तिला म्हणाले, दार ओढून घे आणि जा. मग मी रडले. असं ऑफिसात बसून मी आधी कधी रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशीच आनेकलला जायला हवं होतं. मी गेले नाही. माझ्यातल्या संशोधक बाईनं तेव्हाही पुरावा मागितला. कपाटात अण्णांचे हिवाळ्यातले पडदे पिशव्यांत पडून होते, पूजेनंतर ओतलेले आणि कॅनच्या आधी धुतलेले. आमच्याकडे चाचणीची यंत्रं दोनच, त्यामुळे त्यांचा नंबर कधी लागलाच नव्हता. त्यातला एक जरी एप्रिलमधे लावून पाहिला असता तरी दोष कुंकवाचा नाही हे कळलं असतं आणि अण्णांना खोलीतून हलावं लागलं नसतं. तो मी आता सेलमधे लावला आणि महिनाभर वाट पाहिली. तो उतरला नाही. म्हणजे त्या माणसाला मी आणखी एक महिना तसंच बसवून ठेवलं, तेही माझ्या खात्रीसाठी.

डिसेंबरात एका रविवारी गेले. इलेक्ट्रॉनिक सिटीचा उड्डाणपूल संपला की शहर लगेच संपत नाही, पण पुढे चंदापूर सोडल्यावर अधूनमधून नाचणीची शेतं दिसायला लागतात. अण्णांच्या घराच्या ओसरीवर त्यांच्या पत्नी अवरेकाई, म्हणजे इकडच्या वालाच्या शेंगा, सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. "या बसा," म्हणाल्या आणि आत हाक मारली. अण्णा बनियनवर शर्ट चढवत बाहेर आले. थोडे वाळले होते. "मॅडम," म्हणाले आणि उभेच राहिले.

मी येताना बसमधे वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही वापरलं नाही. "अण्णा, कुंकवानं काही झालेलं नव्हतं. कॅनच्या पाण्यानं झालं. तुम्ही मला विचारलं होतं आणि मी ऐकलं नाही. चूक माझी होती, आणि मी सगळ्यांसमोर तुमच्यावर घातली."

ते खाली बसले. ताटातली एक शेंग उचलून सोलायला लागले. मी हिवाळ्यातल्या पडद्याबद्दल सांगितलं, त्यांच्याच हातचा, जुन्या ब्लेडचा. त्यांनी विचारलं, किती दिवस झाले? मी म्हणाले, महिना उलटून गेला, अजून चालू आहे.

"दाब?"

"तसाच आहे."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या पत्नी आमच्याकडे आळीपाळीनं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे कुंकवाचं नव्हतं तर. ह्या वर्षी आयुधपूजेला ह्यांनी स्कूटरला पण बोट लावू दिलं नाही. माझ्या शिलाईमशीनला पण नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. का म्हणून विचारलं तर बोलेनात."

मला तिथे बसवेना. उठून जायचीही लाज वाटत होती. मी म्हणाले, "अण्णा, कुंकू तर मी लावलं होतं. तुम्ही धुतलंत सुद्धा. वहीत लिहिलंय. त्या बैठकीत एवढं एक वाक्य का नाही बोललात? माझं तोंड तिथेच बंद झालं असतं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझा प्रश्नच समजला नसावा असं क्षणभर वाटलं.

"बोलायचं काय अक्का? कुंकू तुम्ही लावलं, ते सरी. पण धुवायचं काम माझं होतं," ते म्हणाले. "तुम्ही लोखंड निघालं म्हणालात. मला वाटलं, तीनदा कमी पडलं. रोज वाटायचं, चौथ्यांदा धुतलं असतं तर झालं नसतं."

आठ महिने तो माणूस मनातल्या मनात ते ब्लेड धुवत होता.

"पुरलं होतं अण्णा," मी म्हणाले. मग पुन्हा म्हणाले. "तीनदा पुरलं होतं."